लॅपटॉपवर तारखा रिकाम्या, सर्व्हरवर चुकीच्या महिन्यात: पायथनमध्ये तारीख-वेळ वाचताना

प्रश्न थोडक्यात असा. निगडी, कोथरूड, हडपसर अशा भागांतून चाकण एमआयडीसीत कामगारांची ने-आण करणाऱ्या बसच्या फेऱ्यांचा हिशेब तुम्ही पायथनमध्ये जुळवताय. गेटवरच्या रजिस्टरची एक्सेल फाइल सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) करून पँडाज या पायथनच्या लायब्ररीने वाचता, गाडीतल्या जीपीएसच्या नोंदी वेगळ्या येतात. जून २०२५ ची फाइल लॅपटॉपवर चालवली की १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या तारखा रिकाम्या. तीच फाइल, तोच कोड ऑफिसच्या सर्व्हरवर चालवला तर एकही तारीख रिकामी नाही, पण जूनच्या फेऱ्या जानेवारीत, फेब्रुवारीत, काही तर थेट डिसेंबरमध्ये. शिवाय रात्रीच्या फेऱ्या जीपीएसशी जुळतच नाहीत. कोडमध्ये मजकुराची तारीख करणारं 'टू-डेटटाइम' आणि 'एरर्स' ला 'कोअर्स', एवढंच.

दोन्ही मशीनवर कोड एकच आहे, पँडाज एकच नाही. लॅपटॉपवर २.० किंवा त्यापुढची आवृत्ती असणार, सर्व्हरवर १ च्या मालिकेतली. व्हर्जन छापून बघा, खात्री होईल. दोन्हीकडचं दुखणं मात्र एकच: तारीख कुठल्या क्रमाने लिहिली आहे हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, ते तुम्ही पँडाजला सांगितलं नाही आणि त्याला अंदाज बांधायला लावलं.

जुनं पँडाज प्रत्येक ओळीचा अंदाज वेगळा बांधायचं. काही सांगितलं नसेल तर अमेरिकन पद्धत, म्हणजे महिना आधी. त्यामुळे '०१/०६/२०२५' म्हणजे ६ जानेवारी, '०२/०६/२०२५' म्हणजे ६ फेब्रुवारी, '१२/०६/२०२५' म्हणजे ६ डिसेंबर. (इथे आकडे मी देवनागरीत लिहितोय, तुमच्या फाइलमध्ये ते इंग्रजी आहेत.) '१३/०६/२०२५' आलं की तेरावा महिना नसतो हे त्याच्या लक्षात येतं आणि ते मुकाट्याने क्रम उलटा करून १३ जून वाचतं. तुमच्या फाइलमध्ये १ ते १२ जूनपर्यंत फक्त ६ जून बरोबर आली असेल, ती का हे वेगळं सांगायला नको. नंतरच्या १.x आवृत्त्या याबद्दल वॉर्निंग देतात, पण रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालणाऱ्या स्क्रिप्टची वॉर्निंग कोण वाचतो?

एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.० ने हे बदललं. आता पँडाज पहिल्या भरलेल्या ओळीवरून फॉरमॅट ठरवतं आणि तोच पूर्ण कॉलमला लावतं. तुमची पहिली ओळ '०१/०६/२०२५', त्यावरून ठरलं की महिना आधी. मग १३ तारखेची ओळ बसेना. इथे खरं तर प्रोग्रॅम एरर देऊन थांबायला हवा होता आणि तो थांबलाही असता, पण 'कोअर्स' म्हणजे 'बसत नसेल तर रिकामं सोड' असा हुकूम तुम्हीच दिलेला. गंमत म्हणून तीच फाइल उलट्या क्रमाने, ३० जून वर ठेवून, लॅपटॉपवर चालवा. सगळ्या तारखा बरोबर येतील. डेटा तोच, कोड तोच, फक्त सॉर्टिंग बदललं की उत्तर बदलतं. असा कोड पगाराच्या किंवा बिलाच्या वाटेवर ठेवू नये.

उपाय एका ओळीचा: 'फॉरमॅट' स्वतः द्या. पर्सेंट डी, स्लॅश, पर्सेंट एम, स्लॅश, पर्सेंट कॅपिटल वाय, म्हणजे दिवस, महिना, चार आकडी वर्ष. 'डे-फर्स्ट' (दिवस आधी) ट्रू करा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. तो अर्धवट आहे. डे-फर्स्ट ही सक्ती नसून पसंती आहे, असं पँडाजचं डॉक्युमेंटेशनच सांगतं. ज्या डेटयूटिल लायब्ररीवर हा अंदाजाचा खेळ उभा आहे, तिला थेट वापरून डे-फर्स्ट ट्रू सांगा आणि '२०२५-०६-०३' अशी स्वच्छ आयएसओ (वर्ष-महिना-दिवस) तारीख द्या. ती ६ मार्च वाचते. हिलाच नुसतं '१२' दिलं तर चालू महिन्याची १२ तारीख मिळते, कारण जे लिहिलेलं नाही ते ती आजच्या तारखेतून भरते. म्हणजे बस नंबरचा कॉलम चुकून तारखेच्या जागी गेला तरी तक्रार नाही. माणसाने टाइप केलेल्या एखाद्या शोधपेटीसाठी ही लायब्ररी उत्तम आहे, हजारो ओळींच्या हिशेबासाठी नाही.

'कोअर्स' पूर्ण टाकाऊ आहे असं नाही. मी ते एकाच कामाला वापरतो: फॉरमॅट देऊन कॉलम वाचायचा आणि मूळ मजकूर भरलेला असूनही तारीख रिकामी आली अशा ओळी बाहेर काढून डोळ्यांनी बघायच्या. त्यात '३१/०६/२०२५' सापडतं, 'सुट्टी' सापडतं, 'वरीलप्रमाणे' सापडतं. ही यादी शून्य होईपर्यंत पुढे जायचं नाही. आणि सीएसव्ही वाचतानाच 'पार्स-डेट्स' देण्याची सवय असेल तर सोडा. कॉलम वाचता आला नाही तर तो गुपचूप मजकूर म्हणूनच राहतो आणि तुम्हाला वाटतं तारखा झाल्या.

आता वेळेकडे. तुम्ही दिलेल्या नमुन्यात गेटची वेळ '०७:४५ पीएम' अशी आहे आणि फॉरमॅटमध्ये पर्सेंट कॅपिटल एच, पर्सेंट कॅपिटल एम, पर्सेंट पी, म्हणजे तास, मिनिटं, एएम-पीएम. हे चालतं. एरर येत नाही. उत्तर येतं सकाळचे ७:४५. मजकुरातून तारीख-वेळ वाचणाऱ्या पायथनच्या 'स्ट्रपटाइम' मध्ये पर्सेंट पी चा तासावर परिणाम फक्त पर्सेंट कॅपिटल आय (बारा तासांचं घड्याळ) सोबत असेल तरच होतो. कॅपिटल एच म्हणजे चोवीस तासांचं घड्याळ, तिथे एएम-पीएम वाचलं जातं आणि सोडून दिलं जातं. म्हणून संध्याकाळची पाळी सकाळी गेली आणि '१२:४० एएम' ची फेरी भर दुपारी. कॅपिटल एच च्या जागी कॅपिटल आय करा, दोन्ही सुटेल.

दोन आकडी वर्ष असेल तर तेही बघून ठेवा. स्ट्रपटाइमच्या हिशेबाने ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९ आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. फेऱ्यांच्या तारखांना याने काही होत नाही, पण ड्रायव्हरच्या जन्मतारखा वाचायला गेलात आणि '१२/०८/५५' आलं तर सत्तरीचे काका २०५५ मध्ये जन्माला येतील. एक्सेल तेच १९५५ धरतं, त्यामुळे फाइल उघडून बघितली तर सगळं ठीक दिसतं.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबू, कारण माझ्या अनुभवात निम्मी भानगड पायथनपर्यंत पोचायच्या आधीच झालेली असते. गेटवरच्या कॉम्प्युटरची विंडोज रीजन सेटिंग 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' असेल, आणि नवा कॉम्प्युटर कुणी मुद्दाम बदलला नसेल तर बऱ्याचदा तेच असतं, तर गार्डने '१२/०६/२०२५' टाइप केल्या क्षणी एक्सेल त्याची ६ डिसेंबर करून टाकतं. '१३/०६/२०२५' ला मात्र ते तारीख मानत नाही, मजकूर म्हणून ठेवतं. ओळखायची खूण सोपी: ज्या तारखा सेलच्या डाव्या कडेला चिकटल्यात त्या मजकूर, उजवीकडे गेल्यात त्या खऱ्या तारखा. एकाच कॉलममध्ये काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजायचं, उजवीकडच्यांपैकी १२ तारखेपर्यंतच्या उलटल्या आहेत. अशी फाइल पायथनमध्ये कितीही अचूक फॉरमॅट देऊन वाचलीत तरी उपयोग नाही. आधी त्या मशीनवर 'इंग्लिश इंडिया' करून घ्या.

फाइलमध्ये '४५८२४' असा आकडा दिसला तर घाबरू नका, ती १६ जून २०२५ आहे. एक्सेल आत दिवस मोजतं. पायथनमध्ये मोजणीची सुरुवात ३० डिसेंबर १८९९ धरा. १ जानेवारी १९०० का नाही, याला जुना इतिहास आहे: लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, ते नव्हतं, आणि एक्सेलने फाइली जुळाव्यात म्हणून ती चूक तशीच घेतली. म्हणून सुरुवात मागे सरकवून घ्यावी लागते. मॅकवरच्या जुन्या फाइली १९०४ पासून मोजतात. तारखा चार वर्षं आणि एक दिवसाने सरकलेल्या दिसल्या तर हे आठवा.

आणि आपल्याकडची खास अडचण: ७.४५. आपण वेळ लिहिताना मध्ये टिंब देतो, कोलन नाही. एक्सेलला ते दशांश वाटतं, आणि ७.३० चं ७.३ होतं. मग तुमचा कोड टिंबावर तोडून सात वाजून तीन मिनिटं वाचतो. अशा सेलची किंमत आकडा म्हणून आली तर आधी दोन दशांशांत छापून घ्या, ७.३ चं '७.३०' आणि ७.०३ चं '७.०३' होईल, मगच तोडा. त्याहून बरं म्हणजे गेटवर तो कॉलम टेक्स्ट करून द्या. पँडाजमध्येही सगळे कॉलम आधी स्ट्रिंग म्हणूनच वाचावेत, तारीख करणं ही पुढची, वेगळी पायरी.

आता रात्रीच्या फेऱ्या. यात दोन वेगळे गुंते एकत्र झालेत, ते सोडवायला वेगळे करावे लागतील.

पहिला जीपीएसचा. तुमची नोंद '२०२५-०६-१५', टी, '१९:१०:००', झेड अशी येते. शेवटचा झेड म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे ही फेरी १६ जूनला पहाटे ००:४० ची. तुम्ही झेड कापून टाकलात आणि ती १५ जून संध्याकाळी ७:१० झाली. कापू नका. पायथन ३.११ पासून 'फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट' झेड समजतं. त्याआधीच्या आवृत्तीत झेडच्या जागी '+००:००' घाला. मग 'झोन-इन्फो' मधला आशिया/कोलकाता घेऊन 'अॅझ-टाइमझोन' करा. झोन-इन्फो ३.९ पासून पायथनमध्येच आहे. विंडोजवर मात्र 'टीझेड-डेटा' हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं, नाहीतर कोलकाता सापडत नाही म्हणून रडतं.

तुमच्या कोडमध्ये मला पायटीझेड ही टाइमझोनची जुनी लायब्ररीही दिसली. त्यातला कोलकाता झोन थेट 'रिप्लेस' मध्ये देऊ नका. तसं केलं की मिळते ती साडेपाच तासांची प्रमाणवेळ नव्हे, तर पाच तास त्रेपन्न मिनिटांची, म्हणजे कलकत्त्याची जुनी स्थानिक वेळ. पायटीझेडच्या यादीत तीच पहिली आहे. तुमच्या काही फेऱ्या २३ मिनिटांनी चुकताहेत आणि तुम्ही जीपीएसच्या वेंडरला दोष देताय, ते हेच. पायटीझेड ठेवायचंच असेल तर त्याचं 'लोकलाइज' वापरा. पण नव्या कोडमध्ये ठेवायचं कशाला?

वेंडरच्या अलर्ट मेलमधल्या वेळा '१६ जून २०२५ ००:४० आयएसटी' अशा इंग्रजीत आहेत आणि त्या लॅपटॉपवर वाचल्या जातात, सर्व्हरवर एरर येते, असं तुम्ही शेवटी जोडलंय. कारण झोनचं नाव वाचणारं पर्सेंट कॅपिटल झेड. ते फक्त यूटीसी, जीएमटी आणि त्या मशीनच्या स्वतःच्या झोनचं नाव एवढंच ओळखतं. तुमचा लिनक्स लॅपटॉप पुण्याच्या वेळेवर, त्याला आयएसटी कळतं. सर्व्हर यूटीसीवर, त्याला कळत नाही. विंडोजवर झोनचं नाव 'इंडिया स्टँडर्ड टाइम' असतं, तिथेही आयएसटी चालणार नाही. त्यात भर म्हणजे जिथे चालतं तिथेही हाती येते ती झोन नसलेलीच वेळ. ते नाव वाचून टाकून दिलं जातं. इस्रायल आणि आयर्लंडही आपापल्या वेळेला आयएसटीच म्हणतात, त्यामुळे या तीन अक्षरांवर कुठल्याच लायब्ररीने विसंबू नये हे बरंच आहे. शेवटचं आयएसटी मजकूर म्हणून तपासा, काढा, उरलेलं स्ट्रपटाइमने वाचा आणि झोन 'रिप्लेस' ने स्वतः लावा. इथे रिप्लेस बरोबर, अॅझ-टाइमझोन चूक, कारण झोन नसलेल्या वेळेवर अॅझ-टाइमझोन मशीनची वेळ गृहीत धरतं आणि सर्व्हरवर पुन्हा साडेपाच तास मिळवतं. मेलमध्ये 'सप्टेंबर' चं संक्षिप्त रूप कधी चार अक्षरी आलं तर महिन्याचं तीन अक्षरी नाव वाचणारं पर्सेंट बी अडेल, तेवढं लक्षात असू द्या.

दुसरा गुंता गार्डचा, आणि तो कुठल्याही पार्सरला सुटणार नाही. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री १२.४० ला बस बाहेर पडते. गार्ड ती कुठल्या तारखेखाली लिहितो? १५ जूनच्याच. त्याची ड्युटी १५ ची, रजिस्टरचं पान १५ चं, आणि आपल्या बोलण्यातही उजाडेपर्यंत कालचाच दिवस चालू असतो. पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयालाच बदलतो. तो चुकलेला नाही. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने '१५/०६/२०२५ १२:४० एएम' म्हणजे १४ ची रात्र, पूर्ण चोवीस तास आधी. म्हणून जीपीएस दुरुस्त केल्यावरही या फेऱ्या बरोबर एक दिवसाने चुकतील, बघा.

यासाठी दोन कॉलम ठेवा. एक 'पाळीची तारीख', गार्डने लिहिलेली, जशीच्या तशी. दुसरा 'घडल्याची वेळ', झोनसकट. नियम स्पष्ट लिहा: दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीच्या पानावरची वेळ सकाळी साताच्या आधीची असेल तर घडल्याच्या तारखेत एक दिवस मिळवायचा. सातच का, हे तुमच्या पाळ्यांवरून ठरवा, पण गेटवरच्या माणसाला विचारून ठरवा, घरी बसून नव्हे. ठेकेदाराचं बिल पाळीच्या तारखेवर होतं, जीपीएस घडल्याच्या वेळेवर जुळतं. एकाच कॉलमकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलात तर महिनाअखेरीला ३० जूनच्या रात्रीची फेरी जुलैच्या बिलात जाते आणि वाद सुरू होतो.

तिसऱ्या एका गेटवर रजिस्टर मराठीत भरतात असं तुम्ही लिहिलंय. पायथनचं 'इंट' देवनागरी आकडे आनंदाने घेतं, '१५' चे पंधरा होतात. पण म्हणून स्ट्रपटाइमही घेईल असं धरून चालू नका. आधी 'ट्रान्सलेट' ने दहा आकडे बदलून घ्या, दोन ओळींचं काम आहे. तुमच्या वेब रिपोर्टमध्ये जावास्क्रिप्टने एमआर-आयएन (भारतातली मराठी) लोकेल देऊन तारीख छापलीये, तीही देवनागरी आकड्यांत येते. दाखवायला छान, पण ती स्ट्रिंग पुन्हा 'डेट' मध्ये घातलीत तर 'इनव्हॅलिड डेट' मिळेल. रिपोर्टला द्यायची तारीख वेगळी, पुढच्या कोडला द्यायची वेगळी. आणि त्या रिपोर्टमध्ये 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' (हे वेळ यूटीसीत देतं) नंतर पहिली दहा अक्षरं कापून तारीख काढू नका: पुण्यातली मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशीची १८:३० असते. डेटाबेसमध्ये १८:३० ने संपणाऱ्या वेळांची रांग दिसली की मी तरी आधी हाच कोड शोधतो.

राहिला प्रश्न सर्व्हरवर आधीच साठलेल्या चुकीच्या तारखांचा. मूळ फाइली असतील तर सरळ पुन्हा वाचा. नसतील तरी जुन्या पँडाजने केलेली उलटापालट पूर्ण परत फिरवता येते, कारण त्याने केलं ते ठरलेलं होतं: मूळ दिवस १२ पर्यंत असेल तर दिवस-महिना उलटले, १३ पासून पुढे बरोबर ठेवले. उलटलेल्या ओळीत 'दिवस' म्हणून आता मूळ महिना बसलाय, म्हणजे तो १२ च्या आतच असणार. तेव्हा साठलेल्या तारखेचा दिवस १२ किंवा कमी असेल तर दिवस-महिन्याची अदलाबदल करा, जास्त असेल तर हात लावू नका. अट एवढीच की त्या सगळ्या ओळी गेटच्या सीएसव्हीतूनच आलेल्या असाव्यात. जीपीएसच्या आयएसओ तारखा उलटलेल्या नव्हत्या, त्या यात आल्या तर आता उलटतील. कुणी मधल्या काळात हाताने दुरुस्त केलेल्या ओळीही आधी बाजूला काढा. आणि गेटची रीजन सेटिंग अमेरिकन निघाली, तर त्या फाइलींना हा नियम लावण्याआधी एक नमुना फाइल रजिस्टरच्या कागदाशी पडताळा, कारण तिथे काही तारखा एक्सेलनेच उलटवलेल्या असतील.

अदलाबदल झाली की फाइलनिहाय सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी तारीख छापा. जूनच्या फाइलची पाळीची तारीख १ ते ३० जूनच्या बाहेर गेली असेल तर ती ओळ मला पाठवा, बघतो.